चौथं पान

आर्वीच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत गिटार वाजवणारे एक बाबू बसत. उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्याची पार कापलेली, म्हणून सगळे त्यांना चिडवत. "केळझर साडेदहा" सांगतानाही त्यांची बोटं टेबलावर चालूच असत. घरी साध्या गिटारवर अंगठ्यानं खर्ज आणि बाकीच्या बोटांनी चाल धरून ते जाझ वाजवत. कोणी नागपूरला निघालं की गिटारच्या सुरांचं नोटेशन आणायला सांगत आणि वर म्हणत, "भाऊ, सोपं नोको आणू. बोटं रडली पाह्यजे."

नव्वदच्या दशकात मी त्यांना असंच एक अवघड नोटेशन झेरॉक्स करून आणलं. चार पानं होती. मी तीनच दिली. मीही गिटार शिकायला जाऊन सोडून दिली होती. एक तरी गोष्ट त्यांना येऊ नये, असं वाटलं. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

पुढे वर्ध्याला त्यांचा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "भाऊ, हे मधातच तुटल्यावानी वाटते. अजून पान होतं काय?"

"नाई जी," मी म्हणालो.

"मंग जाझ असंच संपत असन," म्हणत ते निर्धास्त झाले.

कार्यक्रमात ते सुरेख वाजवत होते आणि मी मनात पानं मोजत होतो. तिसरं संपलं. त्यांनी हात उचलला. पुढच्या रांगेतले नागपूरचे गिटार मास्तर हसले, "अहो, हे तर अर्धवटच राहिलं!"

त्यांनी स्टेजवरूनच माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या भाऊनं आणलं तेवढं पुरं वाजवलं, सर. हा माणूस अर्धं आणणारा नाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.