नेहमीची पट्टी

चिठ्ठी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. अक्षर आईचं होतं.

आमच्या राहुरीकडच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीची रीत ठरलेली आहे. मुलगी नर्सिंगला लागली, बोअरला पाणी लागलं, दवाखान्यात नेलेलं माणूस चालत घरी आलं, की उपासनेआधी पाळकसाहेबांकडे चिठ्ठी द्यायची. मग त्या घराने पुढे उभं राहून एक गीत म्हणायचं. आधी चांगलं घडतं, मग आभार. आईचं तर अजून काहीच घडलेलं नव्हतं. तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन बुधवारी होतं. नगरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही.

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नव्हता. आई मात्र निवांत मेथी निवडत होती. तिचा तो निवांतपणा मला सहन होत नव्हता.

पेटीवर दर रविवारी मीच असतो. त्या दिवशी पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली. कारणात आईने नुसतं 'आवाजाबद्दल' असं लिहिलं होतं. झालं, सगळ्यांना वाटलं ऑपरेशन होऊन गेलं, बाई बरी झाली. सतरंजीवर बसलेल्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. उठून खरं काय ते सांगावं असं वाटत होतं, पण मी मान खाली घालून भाता ओढत राहिलो.

आई पुढे आली. तिच्या गळ्याला त्रास नको म्हणून मी नेहमीपेक्षा खालची पट्टी, काळी दोन धरली. तिने सुरुवातच केली नाही.

"नेहमीची धर," ती म्हणाली.

मी हळूच म्हटलं, वर चढवत नाही गं तुला.

"धर म्हनते ना."

मी काळी चार धरली. तिसऱ्या कडव्याला तिचा आवाज फाटला. एकदाचं संपावं म्हणून मी लय वाढवली, तर ती मुद्दाम मागे रेंगाळली. बायका सवयीने तिला सावरायला गाऊ लागल्या. तिने हात वर करून त्यांना थांबवलं आणि शेवटचं कडवं फाटक्या आवाजात एकटीने पुरं केलं.

परतताना गाडीवर मी फार बोललो. लोकांना आता काय सांगायचं, एवढी कसली घाई होती, बरी झाल्यावर मानले असते उपकार. ती मागे बसून ऐकत होती. कॅनॉलचा पूल ओलांडल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरी झाल्यावं मुक्यानं उभी ऱ्हाऊ का? पन्नास वर्सं गायले. त्येचे उपकार गाऊनच मानायचे हुते."



ऑपरेशननंतर आई बरी आहे. चुलीवरची भाकरी, शेळीची धार, सगळं तीच करते. हवं-नको हाताने सांगते. रविवारी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसते आणि गीत सुरू झालं की तिचे ओठ हलतात. बाकीच्या बायका उपासनेनंतर माझ्याकडे कुरकुर करतात, पट्टी फार उंच पडते, जरा खाली घे. मी हो म्हणतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा काळी चारच धरतो.