कोटाला पाजलेलं ताक

आमच्या वस्तीच्या हातपंपाचं पाणी भरताना स्वच्छ दिसतं, पण घागरीत थोडा वेळ राहिलं की लाल होतं. डोंगरात लोखंडाची माती आहे, तीच पाण्यात उतरते. म्हणून पांढरे कपडे मी तळ्यावरच धुते. त्या दिवशी घाईत लेकीचा कोट पंपावर धुतला. ती नर्सिंग शिकते. दोन दिवसांनी तिची वॉर्डातली परीक्षा होती. कोट एकच, आणि डाग दिसला की मॅडम आत उभं राहू देत नाहीत.

कोटावर पिवळे डाग पडले. मी त्यावर विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर चोळली. डाग विटकरी झाले.

"आई, तुले कोणं सांगतलं होतं ब्लीचिंग लावाले? आता मी काय घालू?" लेक रडायलाच लागली.

मी भांडी घासायला बसले. लोखंडी कढई हातात आली. तिच्यात आंबट ठेवू नये, हे प्रत्येक बाईला माहीत असतं. आंबट लोखंड खातं, भाजी काळी पडते. मी घासता घासता थांबले. कोटावर बसलं ते लोखंडच ना?

तीन दिवसांचं ताक होतं. त्याची निवळ काढून कोट बुडवला, उन्हात ठेवला.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आमाले प्याले नाई, अन् कोटाले ताक पाजून राह्यली का वो?"

दुपारी डाग फिके दिसले. मी दोनदा निवळ बदलली. दुसऱ्या दिवशी कोट तळ्यावर खळबळला, तेव्हा डाग कुठे होते ते शोधावं लागलं. सुताचा एक धागा विरला नव्हता. लोखंड विरघळवतं ते, आणि आम्ही रोज भातावर ओततो! मला कितीतरी वेळ तिथून उठवेना.

लेक म्हणाली, "त्या आंबटाले लॅक्टिक आम्ल म्हणतात, आई. ताकातले जंतू दुधाच्या साखरेपासून बनवतात. खूप पळलो का आपल्या अंगातही बनते."

"माह्याही अंगात?"

"तुह्याही."

मी माझ्या दंडाकडे पाहत राहिले.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मॅडमनी कोट वरून खाली पाहिला, बाही उलटवून पाहिली आणि पेशंटच्या खाटेकडे बोट दाखवलं.