सिंधूबाईनं बसवलेली सीट

सिंधूबाईच्या रागाला आवाज नव्हता. राग आला की ती कामाला लागायची. अंगण झाडायला घेतलं तर खालची घट्ट जमीन दिसेपर्यंत झाडायची, तवा घासायला घेतला तर त्यात तोंड दिसेपर्यंत घासायची. तिच्या नवऱ्याचं, मसाजीचं अंगण नेहमीपेक्षा स्वच्छ दिसलं की आम्ही शेजारपाजारचे ओळखायचो, आज त्या घरात कोणीतरी काहीतरी बोलून गेलंय.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पलीकडं, माळाच्या कुशीत. मसाजीची मेंढरं होती. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन घरदार बाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं. दोन हजार तीनच्या सुमाराला थोरला मुलगा अंगद यानं कुठल्याशा ठेकेदाराची जुनी पिकअप आणली. डबल केबिनची. म्हणजे ड्रायव्हरच्या मागं आणखी एक सीट, तिला दोन्ही बाजूंनी दारं, आणि त्यामागं माल भरायचा हौदा. पहिल्या दिवशी सिंधूबाईनं ती मागची सीट ओल्या फडक्यानं पुसली आणि गोरेगावच्या बाजाराला तिच्यावर बसून गेली. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला नाही की तोंड काढलं नाही. फक्त पाठ टेकून बसली. तिच्या जन्मात पाठ टेकून केलेला तो पहिला प्रवास.

त्याच हिवाळ्यात हौद्यातली नुकती जन्मलेली कोकरं गारठून मेली. मसाजीनं सीट सोडवली आणि केबिनमध्ये भुसा पसरून कोकरं ठेवली. सिंधूबाईनंच ती उचलून आत दिली. कोकरांवर तिचा राग कधीच नव्हता.

"थंडी सरली की बसवू परत," मसाजी म्हणाला.

थंडी सरली. पावसाच्या तोंडाला घरी परतल्यावर सीट ओसरीवर गेली, ती तिथंच राहिली. मसाजीनं तिच्यावर घोंगडी टाकली आणि मधोमध बसून टकळीवर लोकर कातायला लागला. पाहुणा आला की त्याला हातानं जागा दाखवायचा, जसा काही दिवाणखान्यात बसवतोय. सिंधूबाई चहा देऊन खाली जमिनीवर बसायची. आणि गावाला निघायचं झालं की हौद्यात चढायची. भांडी, कोंबड्या, एखादी आजारी मेंढी, आणि ती. असं दोन वर्षं चाललं.

मग आखाडा बाळापूरहून निरोप आला. तिची लेक अंजली पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते, बाळंतपणाला माहेरी आणायची होती.

"सीट बसवा," सिंधूबाई म्हणाली.

"बसवू की."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं. मसाजी टकळी फिरवत राहिला. "अगं, बसवू म्हणलं ना. सीट काय पळून चालली का?"

"ती न्हाई पळत. तुमी तिच्यावर बसून राहिला. उठा."

मसाजी हसला. ती हसली नाही. तिनं घोंगडीचं टोक धरून ती अशी ओढली की मसाजीला उठावंच लागलं.

त्या दिवशी मी कुंपणावरून पाहत होतो. केबिनच्या पत्र्यावर कोकरांच्या मुताचा आणि लेंड्यांचा थर बसला होता. तिनं गरम पाणी ओतलं, खराट्यानं घासलं, मग रॉकेलचा बोळा फिरवला. बोल्टाची भोकं गंजानं बुजली होती. ती दाभणानं टोकरली. बोल्ट घरभर पांगलेले. दोन खिळ्यांच्या डब्यात मिळाले, एक भिंतीत ठोकून त्याला कंदील टांगला होता, एक मेंढ्याच्या दाव्याला. नट मात्र एक कमी पडला. सिंधूबाईनं ओसरीवर पाहिलं. मसाजीच्या टकळीच्या बुडाला वजन म्हणून तोच नट अडकवलेला, हातानं फिरून फिरून चकचकीत झालेला. तिनं टकळी घेतली आणि नट उपसला. सूत तुटलं.

"आता मी काताचं कशानं?" मसाजी म्हणाला.

"डोस्क्यानं," ती म्हणाली.

अंगद गाडीखाली शिरला आणि त्यानं खालून नट धरले. वरून सिंधूबाईनं पाना फिरवला. आटे गंजलेले, पाना सटकून तिचं बोट सोललं. तिनं ते पदरात पुसलं आणि पुन्हा पाना लावला. संध्याकाळपर्यंत सीट दगडासारखी पक्की बसली.

दिवे लागायच्या वेळी मसाजीचा थोरला भाऊ सटवाजी आला. म्हणजे सिंधूबाईचा भाया. आमच्याकडं बाई भायापुढं उंच जागेवर बसत नाही, त्याच्याशी थेट बोलतही नाही. सटवाजीनं केबिनचं दार उघडलं आणि आत बसून पाहिलं.

"ब्येस झाली. उद्या मी येतो, भावकीतले दोघं येतील. लेक आणायची म्हणल्यावर चार मान्सं बराबर पायजेत. आमी तिघं इथं बसू."

सिंधूबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून अंगदला म्हणाली, "अंगद, इचार त्यायला, येताना अंजली कुठं बसंल?"

अंगदनं विचारायच्या आधीच सटवाजी बोलला, "हौद्यात गोधडी अंथरू. पडून यील निवांत. मोकळी हवा लागंल."

मसाजीनं होकाराची मान हलवली. बायकोकडं पाहिलं नाही.

हे शब्द सिंधूबाईनं एकदा ऐकले होते. ती स्वतः पहिलटकरीण असताना, याच सटवाजीनं, याच अंगणात म्हटले होते. तेव्हा ज्वारीच्या टेम्पोत मागं गोधडी अंथरली होती आणि मोकळी हवाही भरपूर होती. पुढं मानाची माणसं बसली होती. सेनगावच्या अलीकडं खड्ड्यांनी तिचं ते लेकरू गेलं. त्याला नावसुद्धा नव्हतं. अंगद, अंजली नंतरची. सटवाजी ते विसरला होता. त्याला विसरणं परवडलं होतं.

तिनं खराटा घेतला. अंगण झाडायला लागली.

पहाटे माणसं उठायच्या आत ती पाना घेऊन गाडीखाली गेली. आदल्या दिवशी रक्त काढून आवळलेले सगळे नट तिनं काढले, बोल्ट उपसले, दोन्ही पदराच्या टोकात बांधून घट्ट गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली. सीट जागेवरच राहिली. पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

निघताना सटवाजी आणि भावकीतले दोघं सीटवर बसले. पुढं अंगद आणि मसाजी. सिंधूबाई हौद्यात चढली.

गोरेगावपर्यंत ठीक चाललं. पुढं रस्ता उखडलेला. पहिल्या खड्ड्यात सीट पुढं सरकली आणि तिघांचे गुडघे पुढच्या पाठीला आपटले. अंगदनं ब्रेक सोडला तशी मागं गेली. पुढच्या खड्ड्याला सटवाजीचा पटका छताला लागून डोळ्यांवर आला. "हळू हाक की रे, मेंढरं भरली का आत?" तो म्हणाला. हौद्यात सिंधूबाई फळीला धरून बसली होती. तिला आतला एकेक दणका ऐकू येत होता. तिला हसू येत नव्हतं. प्रत्येक दणक्याला ती कमरेची गाठ चाचपत होती.

सेनगावला सटवाजी कंबर धरून उतरला. "ही सीट न्हाई, पाळणा हाय," तो म्हणाला. "कशी बसवली रे पोरा?"

अंगदनं वाकून खाली पाहिलं. रिकामी भोकं दिसली. त्यानं वर आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच पाहत होती.

"न्हाई बसली बराबर, मोठे बा," अंगद म्हणाला.

"मंग आमी मागंच बसतो. घोंगडीवर बरं."

तिघं हौद्यात चढायला लागले तशी सिंधूबाई खाली उतरली. भाया बसला तिथं ती कशी बसणार? ती केबिनमध्ये गेली. रीतीनंच तिला आत आणलं, त्याला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं.

हिंगोली मागं पडली तेव्हा मसाजी मान न वळवता म्हणाला, "बोल्ट कुठं हायत?"

"पदरात."

"आदी सांगायचं."

"दोन वर्सं सांगून राहिले. तुमी टकळी फिरवून राहिला. आन् काल भाऊ म्हणला गोधडी अंथरू, तवा तुमी मान हलवली. त्या वक्ताला बी हलवली होती."

 कळमनुरी गेली, बाळापूर आलं, तरी टकळी फिरवणारा त्याचा हात नुसता गुडघ्यावर होता.

व्याह्यांच्या अंगणात चहापाणी झालं. अंजली ओटी भरून उभी राहिली, एक हात कमरेवर. सगळ्यांच्या देखत सिंधूबाईनं पदराची गाठ सोडली. नट-बोल्ट हातात घेतले, पाना घेतला, केबिनमध्ये गुडघ्यावर बसली. अंगद खाली शिरायला निघाला तर मसाजीनं त्याला बाजूला केलं आणि स्वतः पाठीवर झोपून आत सरकला. चकचकीत नट त्यानंच धरला. ती वरून आवळत राहिली. व्याही, विहीण, भावकी उभी होती. 

काम झालं. सवयीनं सटवाजीनं केबिनच्या पायरीवर पाय ठेवला. सिंधूबाई पाना घेऊन दारातच उभी होती. पदर डोक्यावर होता, पण त्या दिवशी तिनं मान खाली घातली नाही. सटवाजीनं गाठ सुटलेला तो पदर पाहिला, तिच्या बोटाची सोललेली कातडी पाहिली. पाय खाली घेतला आणि हौद्याकडं गेला.

अंजली सीटवर आडवी टेकली. पाय आईच्या मांडीवर ठेवले. "माय, अजून काहून रागात हायस? मिळाली की सीट."

"मिळाली न्हाई," सिंधूबाई म्हणाली. "घ्यावी लागली."

अंजलीला मुलगी झाली. त्या हिवाळ्यात कोकरं जन्मली तेव्हा मसाजी पाना घेऊन गाडीपाशी घुटमळला. सिंधूबाईनं भुसा सीटच्या खाली पसरला, दोन कोकरं तिथं ठेवली, दोन मांडीवर घेतली आणि पाठ टेकून बसली. "चला," ती म्हणाली. मसाजीनं पाना परत डब्यात टाकला.