दोन वाजताचा भिडू

माझ्या साडूंना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तीस वर्षं येणंजाणं होतं, पण समोरासमोर बसलो की तब्येतीची चौकशी झाल्यावर दोघांचंही बोलणं संपायचं. त्यांच्याविषयी जे थोडंफार कळलं, ते चोरून कळलं.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दांड्या गिऱ्हाइकाच्या कानाप्रमाणे वाकवायच्या, हे काम ते जीव ओतून करत. दुपारी दुकानात कुणी नसे. तेव्हा मोबाईल काउंटरवर टेकवून ते अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळत. हारजितीवर मिळणाऱ्या गुणांचं रेटिंग चढलं की चेहरा खुले, घसरलं की गिऱ्हाइकालाही ते कळे. साठी पुरी व्हायच्या आत पंधराशे गाठायचे, एवढा एकच ध्यास. मेहुणी म्हणायची, "राजा गेला तरी चालेल, आलेलं गिऱ्हाईक जाऊ देऊ नका."

मला एकदा शिकवतो म्हणाले. मी म्हटलं, आपल्याला नाही जमायचं. मग घरी गुपचूप शिकलो, खोट्या नावाने खातं उघडलं आणि रोज दुपारी दोनला त्यांना डावाचं आमंत्रण पाठवू लागलो. दोन वर्षं हरलो. डाव संपला की ते लिहीत, "उद्या या हं." मी लिही, "येतो." एवढी मोकळीक आमच्यात एरवी कधी नव्हती.

एक दिवस दुकानात ते म्हणाले, "साडूभाऊ, माझा एक दोन वाजताचा भिडू आहे. माणूस सज्जन. पण घोड्याचं काय करायचं, ते बिचाऱ्याला अजून कळत नाही."

ते 'बिचाऱ्याला' मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी बायकोच्या मोबाईलवर संगणकाशी दुसरा डाव मांडला. साडूंची खेळी तिकडे करायची, संगणक देईल ते उत्तर इकडे. पाच दिवस ओळीने जिंकलो. पंधराशेला आठच कमी होते त्यांना. घसरून चौदाशे तीसवर आले.

वाटलं, चिडतील. ते तर खूश. "सुधारला हो आमचा भिडू. माझ्याच हाताखाली तयार झाला." मी भिंतीवरच्या फ्रेमा बघत बसलो.

सहाव्या दिवशी माझं खातं बंद झालं. समोरच्याने लबाडी केली होती, तुमचे गेलेले गुण परत केले आहेत, असं खेळाच्या ॲपवाल्या कंपनीने त्यांना कळवलं. म्हणजे पुन्हा चौदाशे ब्याण्णव. एखाददुसरा डाव जिंकला की झालं असतं, आणि वाढदिवसाला नऊ दिवस होते. पण ते खेळेनात. ओळखीच्या माणसाला चोर ठरवून मिळालेले गुण नकोत, म्हणाले. मेहुणीने डोक्याला हात लावला.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मी जन्मभर कचेरीत टायपिस्ट होतो, म्हणून तपासायला माझ्याकडेच आणलं. त्यात होतं, 'हा गृहस्थ दोन वर्षं माझ्याकडून हरत आला आहे. लबाड माणूस इतके दिवस हरत नाही.' बोलायची वेळ तीच होती. मी दोन स्वल्पविराम घातले, एक वेलांटी सुधारली आणि कागद परत दिला.

कंपनीने निर्णय बदलला नाही. साठावा वाढदिवस चौदाशे ब्याण्णववरच गेला. दुपारी दोनला ते मोबाईल उघडून ठेवत आणि नुसते बसून राहत, असं मेहुणीने माझ्या बायकोला सांगितलं.

तीन आठवड्यांनी ते हृदयविकाराने गेले. आदल्या दिवशी मी सगळं सांगून टाकायचं ठरवून दुकानात गेलो होतो. निमित्त म्हणून चष्मा पुढे केला. त्यांनी स्क्रू आवळला, दांडी किंचित वाकवली, काचा पुसल्या आणि स्वतःच्या हाताने तो माझ्या नाकावर चढवला.

"मान खाली घाला बघू. पडतोय?"

"नाही."

"माझ्या मागच्या घड्याळात किती वाजले?"

"दोन वाजून गेले."

"मग जेवून घेतो. या तुम्ही, साडूभाऊ."

"येतो," मी म्हणालो.