दादाचं बेट, अण्णाचं बेट

आमचा दादा घड्याळं दुरुस्त करतो आणि माणसं बिघडवतो. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, तेव्हा इथे सांगायला कोणाची भीती नाही. वय चौसष्ट, उजव्या डोळ्याला भिंग, आणि बसायला दुकानातली डावीकडची खुर्ची. उजवीकडे आमचा मधला भाऊ, अण्णा. दोघांच्या मध्ये मी, पट्टे आणि सेल विकते. बावन्न वर्षांची झाले तरी दोघंही मला छकुलीच म्हणतात.

या दोघांचा अकरा वर्षं अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, असं अण्णा म्हणाला. ते बरोबर आहे, तूच मागे आहेस, असं दादा म्हणाला. झालं! दुसऱ्या दिवशी अण्णाने आपल्या बाजूला वेगळं घड्याळ लावलं. तेव्हापासून आमच्या दुकानात दुपारी दोनदा बारा वाजायचे, आणि दोन्ही वेळा माझेच वाजायचे.

"छकुली, त्याला सांग, बारीक पेचकस दे," दादा म्हणायचा. अण्णा हातभर अंतरावर बसलेला, कान शाबूत. पण मी तेच वाक्य पुन्हा म्हटल्याशिवाय तो ढिम्म हलत नसे.

अशात आम्हाला बक्षीस लागलं. पाण्यात चालणारी मनगटी घड्याळं बनवणाऱ्या एका कंपनीने दुकानदारांची सोडत काढली होती. बक्षीस काय, तर दोघांना कॅरिबियन समुद्रात स्कुबा डायव्हिंग! दुकान दोघांच्या नावावर, म्हणून दोघांनीच जायचं. तीन बेटांपैकी एक दोघांनी मिळून ठरवायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर कळवायचं, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला.

दोघांनाही पोहता येत नाही. पाणी म्हणजे त्यांच्या लेखी घड्याळात शिरणारी एक पीडा. पण मी मात्र हरखले. सहलीशी मला काही देणंघेणं नव्हतं हो. बेट ठरवायला तरी हे एकमेकांशी बोलतील, एवढंच माझ्या डोक्यात. निरोप्या होऊन माझ्या नाकी नऊ आले होते. आणि खरं सांगू? पूर्वी दोघं दिवसभर एकमेकांची टर उडवत काम करायचे, ते दुकान मला परत हवं होतं.

कंपनीची पुस्तिका दादाने भिंगातून वाचली. "बोनेर," तो म्हणाला. "तिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं. कुठून शिरायचं ते पिवळ्या दगडांवर लिहिलेलं असतं. होडीत कोणाच्या मांडीला मांडी लावून बसायला नको. सांग त्याला."

"त्याला सांग, कोझुमेल," अण्णा म्हणाला. "तिथे प्रवाहच माणसाला पुढे नेतो. हातपाय मारायला नकोत."

"त्याला सांग, तो आयुष्यभर वाहवतच गेलाय."

"त्याला सांग, ज्याला दगड वाचल्याशिवाय पाणी दिसत नाही, त्याने बादलीत डुबकी मारावी."

मी मध्ये पडून साबा सुचवलं. बेट इवलंसं, धावपट्टीही इवलीशी. दादा लगेच म्हणाला, "आणि वैमानिकाचं घड्याळ कोणासारखं चार मिनिटं मागे असलं तर? सगळे आधीच समुद्रात!"

गुरुवारी दादा जरा नरमला. "बरं, कोझुमेल तर कोझुमेल." मी उड्या मारत अण्णाला सांगितलं. अण्णा दचकला. "तो हो म्हणतोय? मग त्यात काहीतरी खोट आहे. बोनेर!" मी कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी दुपारी माझा तोल सुटला. "अकरा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहताय ना? आता कंपनी फुकटात पाण्यात न्यायला तयार आहे, तर जा की एकदाचे!"

मग दादाने पुन्हा पुस्तिका उघडली. बराच वेळ एकाच पानावर भिंग लावून बसला.

"छकुली, पाण्याखाली बोलता येत नाही."

"कसं येईल? तोंडात नळी असते."

"म्हणजे न बोलता बरोबर जाता येतं," तो सावकाश म्हणाला. अण्णाचा हात कामावरच थांबला.

मग मी खुणा मोठ्याने वाचल्या. अंगठा आणि बोटाचं वेटोळं केलं, की ठीक. गळ्यावरून आडवा हात फिरवला, की हवा संपली. अंगठा वर केला, की वर चला. आणि जोडीदाराला कधी एकटं सोडायचं नाही.

साडेचारला मी गिऱ्हाइकाला पट्टा बसवत होते. दादाने गुपचूप अण्णाकडे बघून बोटांचं वेटोळं केलं. अण्णा असला खूश झाला, की सवयीने अंगठा वर करून बसला. म्हणजे, झकास! दादाने भिंग काढलं, उठला आणि शिडी चढून पोटमाळ्यावर गेला.

"हा कुठे चालला?" अण्णाने मला विचारलं.

"तूच म्हणालास, वर चल. आता जा. जोडीदाराला एकटं सोडायचं नाही."

कुरकुरत का होईना, गेला. पोटमाळ्यावर मोडकी घड्याळं आणि वर्षानुवर्षांची धूळ. खालून मला चार पावलं तेवढी दिसत होती. पाचला पाच कमी होते, म्हणून मी कंपनीला फोन लावला. तेवढ्यात वर काहीतरी धडपडलं.

"दादा! अरे, काय होतंय? दादा!"

फोन माझ्या हातातून पडायचाच बाकी होता. अकरा वर्षांनी अण्णाने दादाला हाक मारली होती!

"काही नाही रे," दादा खोकत म्हणाला. "हवा संपल्याची खूण करून बघत होतो."

"गाढवा, जीव गेला ना माझा!"

"गाढव कोणाला म्हणतोस? मोठा आहे मी तुझ्यापेक्षा!"

"चार मिनिटांनी!" अण्णा म्हणाला, आणि दोघं हसत सुटले.

"मॅडम, कोणतं बेट?" फोनवरची मुलगी विचारत होती. मला नुसती वर हाक मारायची होती. पण दादा सांगत होता, हे बघ, बाबांचं गजराचं घड्याळ, आणि अण्णा म्हणत होता, मीच तर पाडलं होतं ते. मधे बोलायची माझी छाती झाली नाही.

दादाच्या घड्याळात पाचचे टोले पडले.

"मॅडम, पाच वाजले."

"अजून चार मिनिटं आहेत हो," मी म्हटलं. ती बिचारी थांबली. मग अण्णाच्या घड्याळातही पाच वाजले.

"राहू दे गं बाई," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणालातरी दे." फोन ठेवला आणि तिथेच काउंटरवर डोकं टेकून रडले.

वरून दादाचा आवाज आला, "बारीक पेचकस दे."

अण्णाला सांगायला मी सवयीने तोंड उघडलं. पण "हा घे," म्हणत त्याने तो खिशातून काढून केव्हाच दिला होता.