फॅक्स येत नव्हते

भाषांतरकार घरीच काम करायचा. मागच्या खोलीत एक टेबल, दोन जाडजूड शब्दकोश आणि फॅक्सची सोय असलेला प्रिंटर. भिंतीपलीकडे आजारी आईची खाट. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातून पेशंटचे रिपोर्ट फॅक्सने यायचे, तो ते पेशंटच्या भाषेत करून द्यायचा. माणूस कामाला चोख, पण त्या चोखपणाची त्याला जरा जास्तच घमेंड.

मध्येच रिपोर्ट यायचे बंद झाले. विभागातल्या क्लार्कबाई म्हणायच्या, मी पाठवतेय, पण तुमच्याकडे कोणी उचलतच नाही. त्याने कागद बदलला, शाई तपासली, वायर काढून पुन्हा खोचली, यंत्र बंद करून चालू केलं. झेरॉक्स झकास निघाली. इथून पाठवलेला फॅक्सही बिनबोभाट गेला. मग दोष आपला असेलच कसा? त्याने थेट विभागाच्या साहेबांना फोन लावला आणि बाई कामात ढिसाळ आहेत, असं सांगून मोकळा झाला.

साहेबांनी बाईंना सगळ्यांदेखत झापलं. काम सुटल्यावर वाट वाकडी करून त्या स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. दारातच पाकीट दिलं, साहेब सगळ्यांसमोर बोलल्याचं सांगून माफी मागितली, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. त्याने माफी ऐटीत स्वीकारली.

दार लावताना बायको म्हणाली, "अहो, आईंची झोप मोडते म्हणून तुम्ही प्रिंटरची बेल बंद केली होतीत ना? ती परत चालू केलीत?"

तो प्रिंटरपाशी गेला. बेल बंद होतीच. शिवाय फोन उचलताना यंत्र किंचाळायचं, म्हणून त्याने आपोआप उचलणंही बंद करून टाकलं होतं, आणि साफ विसरला होता. फॅक्स येणार कुठून? त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. यंत्र बिघडलं होतं, दुरुस्त करून घेतलं, असं सांगून वेळ मारून न्यावी, हेही मनात येऊन गेलं. बायकोकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. बाईंना सगळ्यांसमोर बोल लागला होता, म्हणून सगळ्यांसमोरच चूक सांगितली. साहेब हसून म्हणाले, चालायचंच. बाई हसल्या नाहीत.

"मला माझाच भरवसा वाटेनासा झाला होता," त्या म्हणाल्या. "नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघायचे. घरी गेल्यावरसुद्धा तोच घोळत राहायचा डोक्यात."

मान खाली घालून तो जिना उतरला.

फॅक्स सुरळीत येऊ लागले. पण विभागात काही विचारायचं झालं, की तो फोन लावून बायकोच्या हातात द्यायचा.