शेठ आडवा झाला नाही

माणूस बोलताना खोटं बोलेल, पण निजल्यावर नाही, असं मावशींचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी कुणी विचारलं नसतानाही एकतीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं. इस्पितळाच्या पुरुष वॉर्डात त्या आया होत्या. चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-न्यायची, आणि ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. कोण गुडघे पोटाशी घेतो, कोण उशी छातीशी आवळतो, यावरून कुठं दुखतंय ते त्यांना तपासणीच्या आधी कळायचं. सांगायला गेल्या की डॉक्टर म्हणायचे, "मावशी, तुम्ही चादरी बघा." मावशी चादरी बघायच्या आणि पुन्हा जाऊन तेच सांगायच्या. मूग गिळून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. यापायी त्यांच्यावर दोनदा लेखी ठपका आला आणि निदान पाच माणसं वेळेवर वाचली.

दोन महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि मुलानं त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. "आई, आता काडी इकडची तिकडे करायची नाही. नुसता आराम." मुलगा वाईट नाही हो. दुसऱ्याचं भलं त्या दुसऱ्याला न विचारता करायची खोड आहे, एवढंच.

घरात आणखी एक जण आराम करायचा, तो म्हणजे नातीचा ससा. त्याला सगळे शेठ म्हणायचे, कारण खाणं झालं की हा धप्पकन कुशीवर पडायचा, मागचे पाय लांब सोडून आणि पोट उघडं टाकून. पहिल्यांदा असा पडला तेव्हा नात "मेला, मेला" करत किंचाळली होती. मावशींनी वाकून बघितलं आणि निकाल दिला, "मेला कुठला? लोळतोय. ज्याला भीती नाही आणि ज्याचं काही दुखत नाही, तोच असा पडतो."

त्या मंगळवारी शेठ पडला नाही. सोफ्याच्या मागे पाठीची कमान करून, पाय अंगाखाली घेऊन बसला. डोळे अर्धे मिटलेले, कान मागे चिकटलेले. मग पोट फरशीला टेकवून लांब झाला, ते सोसेना म्हणून उठला, जागा बदलली, पुन्हा तसाच बसला. मुलाला मात्र आनंद झाला. शेठ वायरी कुरतडायचा, आणि मुलगा महिनाभर "बस, बस" करत त्याला शिस्त लावत होता. "बघा, आला की नाही वळणावर!" म्हणत तो डबा घेऊन कामाला गेला.

आणि इथं मावशींनी अशी चूक केली की एखाद्या नवख्या आयेनं केली असती तर त्यांनी तिची खरडपट्टी काढली असती. त्या गप्प बसल्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. पण दोन महिने "तू बस, तू बस" इतकं ऐकलं होतं, की घर मुलाचं, ससा नातीचा, आपण कोण बोलणार, असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुपारी नात शाळेतून आली आणि गाजराचा पाला घेऊन शेठपुढं बसली. शेठनं मान वळवली. मावशी ताडकन उठल्या. सकाळचं गवत जसंच्या तसं होतं. त्याच्यासाठी अंथरलेल्या कागदावर एकही लेंडी नव्हती. त्यांनी कान त्याच्या तोंडाशी नेला, तर दात करकरत होते.

"आजी, झोप आलीय का त्याला?"

"झोप नाही गं. दुखतंय त्याला, आणि मी सकाळपासून नुसती बघतेय. माझं चुकलं. टोपली आण."

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, ससा शांत बसला म्हणून कुणी दवाखान्यात नेतं का? संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी तू बघ. मी निघाले."

जनावरांच्या दवाखान्यात टेबलामागच्या माणसानं एकोणीस नंबर दिला आणि टोपलीत डोकावून म्हणाला, "छान झोपलाय की! कशाला घाई?"

झालं. मावशींचा पारा चढला. "एकतीस वर्षं मी झोपलेली माणसं बघितलीत. हे झोपणं नव्हे. हा दुखणं आवळून बसलाय, आडवं व्हायची सोय नाही त्याला. मी आत चाललेय. अडवायचं तर अडवा."

कुणी अडवलं नाही. एका गृहस्थानं तर आपल्या दांडग्या कुत्र्याला बाजूला ओढून वाट करून दिली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "आतडी जवळजवळ थांबलीत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं." दुखणं थांबवायचं इंजेक्शन झालं, कातडीखाली सलाइन सोडलं. तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला. डॉक्टर लगेच त्याच्याकडे वळला, "बरं झालं, तुम्ही ओळखलंत. आता घरी नेल्यावर याला पिचकारीनं..."

"डॉक्टर, माझ्याकडे बघून सांगा," मावशी म्हणाल्या. "ओळखलं मी. भरवणारही मीच."

डॉक्टरनं खुर्ची फिरवली. "सांगा मावशी, बसण्यात नेमकं काय बदललं होतं?" त्या सांगत गेल्या आणि तो लिहीत गेला. त्यांचं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मावशींना रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, की त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात यावं लागलं.

तीन तासांनी शेठनं चार बारक्या लेंड्या टाकल्या. नातीनं टाळ्या वाजवल्या. उद्या पुन्हा आणा, पण धोका टळला, असं डॉक्टर म्हणाला.

जिना उतरताना मुलानं टोपली हातात घेतली. "दमलीस, आई. आता घरी गेलीस की स्वस्थ बस बरं."

मावशी पायरीवरच थांबल्या. "दोन महिने स्वस्थच बसलेय. तुलाही वाटलं, आई वळणावर आली."

मुलानं टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"खालच्या मजल्यावरचे मास्तर अंथरुणाला खिळलेत. त्यांना वळवायला माणूस हवंय म्हणून त्यांची मुलगी आली होती. तू मला न विचारता परस्पर नाही म्हणून सांगितलंस. दाराआड मी ऐकलं आणि गप्प बसले."

"आई, अगं, लोक काय म्हणतील म्हणून..."

"उद्या सकाळपासून मी जाणार आहे. तुझ्या कानावर घालतेय, परवानगी मागत नाहीये. आणि टोपली सरळ धर, त्याचं पोट दुखतंय."